जुलाबात साखर कशाला?

 

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. कधी फोनवर, कधी गटाच्या बैठकीत, कधी चिठ्ठीवर लिहून. प्रश्न असा: "लेकराला जुलाब लागले की आशाताई मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगतात. मिठाचं समजतं, अंगातलं मीठ जातं म्हणून. पण साखर कशाला? साखरेनं तर जंत होतात असं घरात म्हणतात. मग नुसतं मिठाचं पाणी दिलं तर चालणार नाही का?"

नाही चालणार. का नाही चालणार, तेच आज सांगणार आहोत. प्रश्न वाटतो चुलीपुढचा, पण त्याचं उत्तर सापडायला जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना जवळजवळ १४० वर्षं लागली. आणि उत्तर सापडल्यावर ते घराघरांत पोचवलं ते आपल्यासारख्याच बायकांनी. म्हणून आज विज्ञानही सांगू आणि त्याचा इतिहासही सांगू. जरा हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. निवडणं-टिपणं चालू असलं तर चालू द्या, कान तेवढे इकडे ठेवा.

आधी जुनी गोष्ट. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी एक शब्द असायचा, पटकी. कोणी महामारी म्हणायचं, डॉक्टर कॉलरा म्हणतात. सकाळी शेतात गेलेला धडधाकट माणूस संध्याकाळी सरणावर जायचा, असा तो रोग. भाताच्या धुवणासारखे पांढरट पातळ जुलाब, वर उलट्या. डोळे खोल जायचे, आवाज बसायचा, हातापायांत वांब यायचे. गावोगावी वेशीवर मरीआईचं नाहीतर जरीमरीचं ठाणं दिसतं ना, त्याच्यामागं हीच भीती आहे. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत वेशीबाहेर नेऊन सोडायचे. लोकांच्या हाती दुसरं काही नव्हतंच, तर करणार काय?

१८१७ साली बंगालमध्ये जेसोरच्या बाजूला या रोगाची मोठी साथ उठली. व्यापाऱ्यांच्या वाटेनं, लष्कराच्या वाटेनं, जहाजांतून तो पसरत गेला आणि १८३१ साली थेट इंग्लंडात पोचला. तिथल्या डॉक्टरांनी तरी काय केलं? रोग्याची शीर कापून रक्त काढलं. पोट साफ व्हावं म्हणून आणखी जुलाबाची औषधं दिली. आणि पाण्यासाठी तळमळणाऱ्या माणसाचं पाणी तोडलं. आज ऐकून अंगावर काटा येतो. पण तेव्हा मोठमोठ्या शिकलेल्या डॉक्टरांना तेच बरोबर वाटत होतं. पाणी पाजलं की जुलाब वाढतो, ही समजूत फक्त आपल्याच गावातली नाही, बरं का.

त्याच साथीत विल्यम ओ'शॉनेसी नावाचा एक तरुण डॉक्टर होता, वय अवघं बावीस. त्यानं रोग्यांचं रक्त तपासलं. ते घट्ट, काळपट झालेलं होतं. त्यातलं पाणी गेलेलं, मीठ गेलेलं, खार गेलेला. त्यानं हिशेब मांडला तो आपण घरात मांडतो तसाच: जे गेलं ते परत भरा. पुढे हाच माणूस कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि आपल्या देशातली पहिली तारयंत्राची लाईन त्यानंच टाकली.

त्याचं म्हणणं वाचून १८३२ साली स्कॉटलंडमधल्या थॉमस लॅटा या डॉक्टरानं धाडस केलं. एक म्हातारी बाई अगदी शेवटच्या घटका मोजत होती. लॅटानं तिच्या शिरेतून मिठाचं पाणी सोडलं. सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरहून जास्त. बाईची नाडी परत लागली, हातपाय कोमट झाले, ती बोलू लागली. बाई वाचली असं समजून डॉक्टर निघून गेला. पण जुलाब थांबले नव्हते. भरलेलं पाणी पुन्हा वाहून गेलं आणि काही तासांत ती बाई गेली. त्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण तिच्यापासून एक धडा मिळाला: पाणी एकदा भरून भागत नाही. जुलाब चालू आहेत तोवर भरतच राहावं लागतं.

शिरेतून मिठाचं पाणी देणं म्हणजे आपलं सलाईन. पण त्या काळी सुया स्वच्छ नसत, पाणी निर्जंतुक नसे. कित्येक रोगी त्यानंच दगावले आणि ही रीत मागे पडली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स या डॉक्टरानं ती सुधारून पुन्हा वापरली, तेव्हा पटकीचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तरीही सलाईन म्हणजे बाटली हवी, सुई हवी, शिकलेला हात हवा, दवाखाना हवा. साथ येते ती मात्र पुरात, यात्रेत, छावणीत, आडगावात, म्हणजे जिथं यातलं काहीच नसतं तिथं.

मग कोणीही विचारील, सुई कशाला? मिठाचं पाणी तोंडानं का नाही पाजलं?

पाजून पाहिलं होतं. पण पाजलेलं पाणी आतड्यात मुरतच नव्हतं, खालून तसंच बाहेर पडत होतं. कधी कधी जुलाब आणखी वाढायचे. म्हणून डॉक्टरांनी मानलं की पटकीत आतडं निकामी होतं. फुटक्या घागरीत पाणी भरून काय उपयोग, असा तो विचार.

इथं जरा आतड्याचं काम समजून घेऊ. आपण पितो ते पाणी, तोंडातली लाळ, पोटात सुटणारे पाचक रस, हे सगळं मिळून धडधाकट माणसाच्या आतड्यात दिवसाकाठी आठ-नऊ लिटर पाणी उतरतं. म्हणजे जवळजवळ अर्धी मोठी कळशी. त्यातलं बहुतेक सगळं आतडं परत शोषून घेतं आणि रक्तात पाठवतं. जुलाबात हे शोषून घेणं बिघडतं. पटकीत तर जंतूचं विष आतड्याला उलट पाणी सोडायला लावतं. १९५९ साली कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे या डॉक्टरांनी हे सिद्ध केलं. पटकीचा जंतू आतडं फाडत नाही, कुरतडत नाही. तो एक विष सोडतो आणि त्या विषानं आतड्याचा नळ जणू उघडा राहतो. याचा अर्थ घागर फुटलेली नव्हती! आतडं जागच्या जागी होतं. प्रश्न एवढाच होता, की पाणी आत शिरण्यासाठी त्याचं कुठलं दार अजून उघडतं?

ते दार पुढच्याच वर्षी सापडलं. १९६० साली प्राग शहरात शास्त्रज्ञांची एक सभा भरली होती. तिथं रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं सांगितलं, की आतड्याच्या आतल्या अस्तराला एक खास दार आहे. त्या दारातून साखर आणि मीठ जोडीनंच आत जातात. इथं साखर म्हणजे ग्लुकोज. आपली नेहमीची साखर आणि गूळ पोटात गेले की त्यांचं ग्लुकोज सुटं होतंच.

हे दार कसं असतं, ते आपल्या गटाच्या पेटीवरून समजून घ्या. काही गटांत पेटीला दोन कुलपं असतात. एक किल्ली अध्यक्षीणबाईंकडे, दुसरी सचिवबाईंकडे. एकटी आली तर पेटी उघडत नाही. दोघी मिळून आल्या तरच उघडते. आतड्याचं ते दार तसंच आहे. मीठ एकटं आलं तर दार बंद. साखर एकटी आली तरी बंद. दोघं बरोबर आले की दार उघडतं आणि दोघंही आत जातात.

आणि पाणी? पाणी मिठाच्या मागं आपोआप जातं. हे तर आपण रोज बघतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात पाणी सुटतं. वांग्याच्या कापांना मीठ लावलं तरी तेच. मीठ पाण्याला आपल्याकडे ओढतं. तसंच आतड्यातून मीठ पलीकडे गेलं की पाणी त्याच्या मागोमाग जातं आणि रक्तात पोचतं.

आता यातली खरी गंमत ऐका. पटकीच्या विषानं मिठाची बाकीची दारं बंद पडतात, पण हे जोडीचं दार बंद पडत नाही. ते चालूच राहतं. म्हणून साखर घालायची! ती चवीसाठी नाही आणि नुसती ताकदीसाठीही नाही. साखर म्हणजे दुसरी किल्ली आहे. साखर नसेल तर मीठ दाराबाहेर, आणि मीठ बाहेर राहिलं तर पाणीही बाहेर. राहिली जंताची गोष्ट. जंत साखर खाल्ल्यानं होत नाहीत. जंतांची अंडी मातीतून, न धुतलेल्या हातातून, नखांतून पोटात जातात. तेव्हा तो दोष साखरेचा नाही.

अभ्यासकांना दार सापडलं तरी दवाखान्यात त्याचा उपयोग व्हायला आणखी काही वर्षं गेली. आधी १९५३ साली कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडानं देऊन गुण आल्याचं लिहिलं होतं. पण किती पाणी गेलं आणि किती भरलं याचं पक्कं मोजमाप त्यात नव्हतं, म्हणून जगानं लक्ष दिलं नाही. नंतर फिलिपाईन्स देशात असाच प्रयोग झाला. तिथं मिश्रणाचं प्रमाण जड झालं आणि काही रोगी दगावले. मैत्रिणींनो, हे मुद्दाम सांगतोय. प्रमाण ही गोष्ट यात जीव वाचवणारी आहे आणि जीव घेणारीही आहे. त्याकडे पुढे येऊच.

१९६८ साली ढाक्यात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, पटकीच्या संशोधन केंद्रात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश हे दोन तरुण डॉक्टर काम करत होते. त्यांनी एक साधा नियम धरला: रोग्याच्या अंगातून जेवढं पाणी जातं तेवढं मोजायचं आणि तेवढंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायचं. असं केल्यावर सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. कलकत्त्यातल्या डॉक्टरांनाही असाच अनुभव आला. लॅटाच्या म्हातारीपासून इथपर्यंत यायला १३६ वर्षं लागली.

पण हे सगळं दवाखान्यात, नर्स आणि डॉक्टरांच्या नजरेखाली झालं होतं. घरची माणसं हे पाणी पाजू शकतील, यावर डॉक्टर मंडळींचा विश्वास नव्हता. तो विश्वास बसला एका मोठ्या संकटात.

१९७१ साल. बांगलादेशचं मुक्तियुद्ध पेटलं आणि जवळजवळ एक कोटी माणसं जीव मुठीत धरून आपल्या देशात आली. पश्चिम बंगालमध्ये सीमेजवळ बनगाव म्हणून गाव आहे, तिथं निर्वासितांची गर्दी झाली. पाऊस, चिखल, उघड्यावर संसार, आणि त्यात पटकीची साथ. जूनमध्ये कलकत्त्याहून डॉ. दिलीप महालनबीस तिथं पोचले. ते मुलांचे डॉक्टर. दवाखान्यात दोन खोल्या, सोळा खाटा. बाकीची माणसं जमिनीवर, जुलाब आणि उलट्यांच्या घाणीत पडलेली. सलाईन लावायचं तर डॉक्टरांना त्या घाणीत गुडघे टेकून बसावं लागत होतं. आणि सलाईनच्या बाटल्याही संपत आल्या होत्या.

डॉक्टरांनी ठरवलं, आता तोंडानं पाजायचं. मोठ्या प्रमाणावर, आणि रोग्याच्या घरच्यांच्या हातानं. कलकत्त्यात त्यांच्या संस्थेत लोक मापं घेऊन बसले. एका लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम खायचं मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा. हे मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचं आणि गरम इस्त्री फिरवून पिशवीचं तोंड बंद करायचं. पिशव्या बनगावला गेल्या. तिथं नळ लावलेल्या पिंपांत पाणी कालवलं. आई, बहीण, नवरा, जो कोणी रोग्याजवळ असेल त्यानं पेला भरून आणायचा आणि पाजत राहायचं. खर्च लिटरला अकरा पैसे!

एवढंच केलं नाही. मिश्रण घरी कसं करायचं त्याची पत्रकं सीमेवर वाटली. आणि बांगलादेशच्या लढवय्यांचं एक गुप्त रेडिओ केंद्र होतं, त्यावरूनही ही कृती सांगितली. मैत्रिणींनो, रेडिओवरून सांगितलेली मीठ-साखरेची कृती पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी युद्धात अडकलेल्या आयांनी कानात साठवून घेतली होती. आज आम्हीही माइकसमोर बसून तेच काम करतो आहोत.

निकाल काय लागला? आठ आठवड्यांत तीन हजारांहून जास्त रोग्यांवर उपचार झाले. त्याआधी शंभरातले तीसएक मरत होते. आता शंभरातले चारही मरेनात. ३.६ टक्के, असा आकडा आहे. सुई नाही, मोठा दवाखाना नाही. मीठ, साखर, पाणी आणि घरच्या माणसाचा हात एवढ्यावर हे झालं. १९७८ साली लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकानं लिहिलं, की हा कदाचित या शतकातला वैद्यकातला सर्वांत महत्त्वाचा शोध ठरेल. डॉ. महालनबीस २०२२ साली गेले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देऊन देशानं त्यांचा मान केला.

आता गोष्टीचा तो भाग, जो आम्हाला सगळ्यांत आवडतो.

बांगलादेश स्वतंत्र झाला, पण गरीब. पुड्या बनवून गावोगाव पोचवायला पैसा नव्हता, रस्ते नव्हते. दरवर्षी लाखो लेकरं जुलाबानं दगावत होती. तेव्हा ब्रॅक नावाच्या संस्थेनं ठरवलं, की पुडी पोचवायची नाही, कृती पोचवायची. १९७९ साली त्यांनी सुरुवात केली. एकेका तुकडीत चौदा तरुण मुली, स्वयंपाकासाठी एक माणूस आणि देखरेखीला एक पुरुष, एवढी मंडळी. समोर ६०० गावं आणि ६० हजार बायका. त्या मुली घरोघर जायच्या, ओसरीवर बसायच्या आणि शिकवायच्या. तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. बंगालीत नाव पडलं लोबोन-गुड, म्हणजे मीठ-गूळ. साखर महाग म्हणून गूळ. काटा नाही म्हणून बोटं. लिहिता-वाचता येत नाही म्हणून मोजके मुद्दे तोंडपाठ. आणि नुसतं ऐकायचं नाही, समोर बसून आईनं स्वतःच्या हातानं पाणी करून दाखवायचं.

काही दिवसांनी दुसरी माणसं त्या गावांत जायची, काही घरं निवडायची आणि विचारायची: सांगा बाई, काय शिकलात? पाणी करून दाखवा. त्या पाण्याचा नमुना तपासायला जायचा. जिनं शिकवलं तिचा पगार आयांच्या उत्तरांवर ठरायचा. किती घरं केली याला मोल नव्हतं. आईच्या लक्षात किती राहिलं, याला मोल होतं.

बायकांनी छान लक्षात ठेवलं. पाणीही नीट करून दाखवलं. पण पुढे कळलं, की लेकराला खरोखर जुलाब लागले की फारच थोड्या घरांत ते पाणी पाजलं जातंय. कृती येते, पण करत नाहीत! असं का?

शोध घेतला तेव्हा दोन कारणं निघाली. एक म्हणजे शिकवणाऱ्या मुलींचाच त्यावर पुरता भरवसा नव्हता. त्यांनाही वाटायचं, मीठ-गुळानं कुठं जुलाब बरे होतात? खरं औषध म्हणजे गोळी, सुई. आणि आतून पटलेलं नसेल तर तोंडानं कितीही सांगा, समोरच्याला ते कळतंच. दुसरं कारण म्हणजे घरातल्या पुरुषांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. औषधपाण्याचा शब्द त्यांचा चालायचा.

मग संस्थेनं त्या मुलींना ढाक्याला नेलं आणि हे पाणी आतड्यात जाऊन काम कसं करतं ते नीट समजावलं. म्हणजे आपण मघाशी बोललो तेच. त्यानंतर मुली घरात गेल्या की सगळ्यांसमोर त्या पाण्याचा घोट आधी स्वतः घ्यायच्या. पुरुषांच्याही सभा झाल्या, बाजारात, शाळेत, मशिदीत. मग चित्र पालटायला लागलं. १९९० पर्यंत एक कोटी वीस लाखांच्या आसपास घरांत ही कृती एकेका बाईला समोरासमोर बसवून शिकवून झाली होती.

मैत्रिणींनो, "साखर कशाला?" असं विचारणाऱ्या बाईला कोणी म्हणेल, "तुला काय करायचंय, सांगितलंय तेवढं कर." पण या गोष्टीतून दिसतं ते उलटंच आहे. जिला कारण कळलं तिनं स्वतः केलं आणि दुसरीलाही पटवलं. जिला नुसती कृती कळली तिनं ती पाठ केली, पण रात्री दोन वाजता लेकरू निपचित पडल्यावर तिचा हात पाण्याकडे गेला नाही. म्हणून प्रश्न विचारायची लाज नको. कारण विचारणारी बाई म्हणजे आगाऊ बाई नव्हे.

आज काय स्थिती आहे? १९८० च्या सुमारास जगभरात पाच वर्षांखालची सुमारे ४६ लाख मुलं दरवर्षी जुलाबानं जात होती. आता तो आकडा पाच लाखांच्या आत आला आहे. त्यात स्वच्छ पाणी, संडास, लसी, चांगलं खाणं यांचाही वाटा आहे, पण या साध्या पाण्याचा वाटा फार मोठा आहे. तरीही आपल्या देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, की जुलाब झालेल्या दहा मुलांतल्या साधारण सहांनाच ओआरएस मिळालं. चार राहिलीच. ती चार आपल्याच वाड्यावस्त्यांवरची असतात.

म्हणून आता कामाचं ऐका.

ओआरएसची पुडी उपकेंद्रात, अंगणवाडीत, आशाताईंकडे मिळते. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते. तरी पुडीवर काय लिहिलंय ते बघून घ्या, कारण लहान पुड्याही मिळतात. पुडी एकदम आणि पूर्ण घालायची. थोडी आज, थोडी उद्या असं करायचं नाही. पाणी उकळून गार केलेलं असलं तर उत्तम. कालवलेलं पाणी झाकून ठेवा आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून नवीन करा.

पुडी नसेल तर घरी: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरायचा नाही. वरून बोट फिरवून सपाट करायचा. मीठ जास्त झालं तर ते अंगातलंच पाणी ओढून घेतं, लेकराला झटके येऊ शकतात. साखर जास्त झाली तर आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. पाजण्याआधी स्वतः चव घ्या. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये.

किती पाजायचं? दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप. त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. मोठ्या माणसाला मागेल तेवढं. लहानग्याला चमच्या-चमच्यानं द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. अंगावरचं दूध मुळीच तोडू नका. मोठ्या बाळाचं जेवणही तोडू नका.

आपल्याकडे मीठ घातलेली भाताची पेज देतात, त्यामागंही शास्त्र आहे. तांदळातल्या पिठूळ सत्त्वाची पोटात हळूहळू साखरच होते, म्हणजे दुसरी किल्ली पेजेतूनही मिळते. तांदळाच्या अशा पाण्यावर ढाक्यात अभ्यास झाले आणि पटकीच्या रोग्यांना त्याचा चांगला गुण आला. पेजेत मीठ मात्र हवं. बाटलीतली गोड थंड पेयं देऊ नका. त्यांत साखर फार असते आणि मीठ जवळजवळ नसतंच.

जोडीला जिंकच्या गोळ्या आशाताईंकडून घ्या. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायच्या. त्यानं जुलाब लवकर आटोक्यात येतात आणि पुढचे काही महिने परत होण्याचा धोका कमी होतो.

आणि एक लक्षात ठेवा. हे पाणी जुलाब थांबवत नाही. ते अंगातलं पाणी भरून काढतं. जुलाब बहुतेक वेळा आपल्या वेळेनं थांबतात, तोवर लेकरू टिकवायचं असतं. "पाणी पाजलं तरी जुलाब चालूच आहेत, म्हणजे उपयोग नाही," असं म्हणून पाजणं सोडू नका.

दवाखान्यात कधी धावायचं तेही ऐका. बाळ पीतच नसेल, सगळं उलटून टाकत असेल, सुस्त पडलं असेल. डोळे खोल गेले, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, कितीतरी वेळ लघवी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच मागे जात नाही. संडासातून रक्त पडतंय. यातलं एकही दिसलं तर वाट पाहू नका, आणि वाटेतही पाणी पाजत राहा. अशा वेळी सलाईनच लागू शकतं, तिथं हट्ट नको.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. एक लिटरची बाटली, चहाचा चमचा, मीठ आणि साखर घेऊन बसा. प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं पाणी करून बघा, दुसरीनं चव घ्या. आपल्या घरातला कुठला तांब्या, कुठलं पातेलं बरोबर लिटरभराचं आहे ते मोजून खूण करून ठेवा. घरातल्या पुरुषमाणसांना आणि सासूबाईंनाही दाखवा. आणि कोणी विचारलंच, "साखर कशाला?" तर दोन किल्ल्यांच्या पेटीची गोष्ट सांगा.